आयात केलेले स्केच कॅडमध्ये अचूक जागी बसवण्याची पद्धत

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काढलेले द्विमितीय रेखाटन कॅड (संगणकावर आरेखन करण्याच्या) सॉफ्टवेअरच्या स्केचमध्ये आणले, की ते बहुधा ओरिजिनपासून (अक्षांच्या शून्य-शून्य बिंदूपासून) दूर कुठेतरी पडते, थोडे तिरके असते आणि कधीकधी पंचवीस पट मोठे किंवा लहान दिसते. अशा वेळी सगळ्या रेषा एकत्र निवडून माउसने ओरिजिनकडे ओढत आणण्याचा मोह होतो. तसे केल्यावर स्केच जागेवर बसल्यासारखे दिसतेही; पण त्याच स्केचवरून भाग तयार करून तो असेंब्लीत (भागांच्या जोडणीत) दुसऱ्या भागाशी जुळवायला घेतला, की छिद्रांच्या केंद्रांमधला थोडासा फरक उघड होतो आणि तो नेमका कोठून आला हे शोधण्यात बराच वेळ जातो. स्केचची जागा तीन आकड्यांनी ठरते आणि ते तिन्ही आकडे भागावरच्या दोन विश्वासार्ह बिंदूंवरून मिळतात, हे एकदा ध्यानात घेतले तर नजरेच्या अंदाजाची गरजच राहत नाही. पुढे दिलेला क्रम याच विचारावर आधारलेला आहे आणि तो कोणत्याही पॅरामेट्रिक (मापे व नाती बदलून आकार बदलणाऱ्या) कॅड प्रोग्रॅमला लागू पडतो. जेथे एखाद्या प्रोग्रॅमची आज्ञा वेगळी आहे, तेथे तिचा स्वतंत्र उल्लेख केला आहे.

भूमिती भलत्या जागी का येते

डीएक्सएफ हे रेखाटनाच्या फाइलचे स्वरूप डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आले आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये रेखाटनांची देवाणघेवाण करण्यासाठी ते आजही सर्वाधिक वापरले जाते. या फाइलमध्ये रेषेच्या दोन टोकांचे निर्देशांक, वर्तुळाचे केंद्र व त्रिज्या, कंसाचे आरंभ व शेवटचे कोन अशी माहिती असते. दोन रेषा एकमेकींना समांतर असायलाच हव्यात किंवा एखादे छिद्र मध्यरेषेवरच राहायला हवे, असा आरेखकाचा हेतू मात्र स्केचपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आयात झालेले स्केच म्हणजे एकमेकांशी कोणतेही नाते नसलेल्या सुट्या रेषांचा समूह असतो. त्यातली एक रेषा ओढली तर शेजारची रेषा जागेवरच राहते आणि आकृती फाटते.

जागेचे गणितही तितकेच साधे आहे. मूळ आरेखकाने एकाच शीटवर पुढचे, वरचे आणि बाजूचे दृश्य मांडले असेल, तर वरचे दृश्य शून्य-शून्यपासून दीड हजार मिलिमीटर दूर असणे स्वाभाविक आहे. त्याच्या दृष्टीने तेथे काही चुकलेले नसते. तुमचा प्रोग्रॅम ते निर्देशांक जसेच्या तसे घेतो आणि स्केचच्या ओरिजिनपासून तितक्याच अंतरावर भूमिती ठेवतो. एसव्हीजी (चित्रकलेच्या प्रोग्रॅममधील रेषाचित्राच्या) फाइलमध्ये आणखी एक भर पडते: तिचा वाय अक्ष वरून खाली मोजला जातो, म्हणून आयात करणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची दखल घेतली नाही तर आकृती उलटी येते.

प्रतलात हलणाऱ्या ताठ आकृतीला तीन स्वातंत्र्ये असतात: आडवे सरकणे, उभे सरकणे आणि फिरणे. भिंतीवर तसबीर एकाच खिळ्याला टांगली तर ती जागेवर राहते पण डावी-उजवीकडे झुकते, आणि दुसरा खिळा ठोकला की ते झुकणेही थांबते. स्केचचेही तसेच आहे. पहिला बिंदू दोन सरकण्यांचा बंदोबस्त करतो, आणि दुसरा बिंदू केवळ दिशा ठरवून फिरणे थांबवतो. प्रमाण, म्हणजे आकृतीचा लहान-मोठेपणा, ही चौथी बाब या तिन्हींच्या आधी मिटवावी लागते.

पहिली पायरी: आयातीपूर्वी मूळ फाइल स्वच्छ करणे

माझे स्पष्ट मत असे आहे, की मूळ फाइल उघडता येत असेल तर निम्मे काम तेथेच करून घ्यावे. स्केचमध्ये आल्यावर शेकडो घटकांतून नको त्या रेषा निवडणे कष्टाचे असते. द्विमितीय प्रोग्रॅममध्ये मात्र लेअर बंद करून तेच काम काही क्षणांत होते.

प्रथम फाइलची प्रत करावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. प्रतीमधून मापांच्या रेषा, मजकूर, हॅच (छायारेषा), शीर्षकपट्टी आणि नको असलेली दृश्ये काढून टाकावीत. ब्लॉक (एकत्र बांधलेल्या घटकांचे गट) असल्यास ते एक्स्प्लोड करावेत, म्हणजे सुटे करावेत, कारण काही प्रोग्रॅम आयातीच्या वेळी ब्लॉकमधील भूमिती वगळतात. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही आज्ञा एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढून टाकते. ती चालवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दुहेरी रेषा डोळ्यांना दिसत नाही आणि नंतर बंद प्रोफाइल तयार होऊ देत नाही.

त्यानंतर झूम एक्स्टेंट्स करून, म्हणजे सगळे रेखाटन पडद्यावर मावेल असे दाखवून पाहावे. तुमची आकृती पडद्याच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढी दिसू लागली, तर कुठेतरी दूरवर एखादा भरकटलेला बिंदू किंवा लहानशी रेषा पडलेली आहे असे समजावे आणि ती शोधून पुसावी. रेषांना झेड दिशेची उंची आहे का, हेही तपासावे. वरून पाहताना जुळलेली दिसणारी दोन टोके झेडमध्ये वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर ती खऱ्या अर्थाने जुळलेली नसतात. ऑटोकॅडमध्ये फ्लॅटन आज्ञेने सारे घटक एका पातळीवर आणता येतात.

एक दुर्मीळ पण फसवी अडचण येथेच सांगून ठेवतो. डीएक्सएफमध्ये प्रत्येक घटकाला स्वतःची उभारणीची दिशा, म्हणजे त्याच्या प्रतलाचे तोंड कोणत्या बाजूला आहे ती दिशा, असू शकते. मूळ रेखाटन कधीकाळी खालच्या बाजूने पाहून किंवा त्रिमितीय आरसा-प्रतिमा घेऊन तयार झाले असेल, तर काही कंसांची व वर्तुळांची ही दिशा उणे झेड असते. आयात करणाऱ्या प्रोग्रॅमने ती वाचली नाही, तर रेषा योग्य जागी येतात आणि कंस तेवढे वाय अक्षाच्या पलीकडे उलटलेले दिसतात. असे झाले तर स्केचमध्ये दुरुस्ती करत बसण्यापेक्षा मूळ फाइलमध्ये ते कंस नव्याने काढणे अधिक सोपे आणि खात्रीचे आहे.

दुसरी पायरी: एकक आणि प्रमाण

डीएक्सएफच्या शीर्षभागात एककाचा संकेतांक असतो. त्यात १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ५ म्हणजे सेंटिमीटर आणि ६ म्हणजे मीटर. ० म्हणजे एकक सांगितलेले नाही. शून्य असलेल्या फाइली भरपूर आढळतात, आणि अशा वेळी आयात करणारा प्रोग्रॅम स्वतःचे गृहीत एकक लावतो. म्हणून आयातीच्या चौकटीत एकक विचारले गेल्यास तेथे समोर आलेले उत्तर तसेच स्वीकारू नये.

तपासणीची रीत एकच: ज्याचे खरे माप ठाऊक आहे असा एक घटक मोजावा. समजा ८.५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आहे. ते २१५.९ भरले, तर मिलिमीटरचा आकडा इंच म्हणून वाचला गेला आहे, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. मोजलेले आणि खरे माप यांचे गुणोत्तर २.८३४६ आले तर ७२ बिंदूंच्या इंचाचा हिशेब घुसला आहे, ३.७७९५ आले तर ९६ पिक्सेलच्या इंचाचा. एसव्हीजीबाबत आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्रॅमने ०.९२ या आवृत्तीपासून एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या फाइलींचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्क्यांनी चुकू शकते. इतका फरक नजरेला सहज चुकवतो, म्हणूनच तो सर्वांत धोकादायक आहे; पंचवीस पट मोठी आकृती निदान लगेच लक्षात येते.

शक्य असेल तेथे योग्य एकक देऊन फाइल पुन्हा आयात करावी. तसे जमत नसेल तरच स्केल आज्ञा वापरावी, आणि ती सरकवण्याच्या आधी वापरावी. प्रमाण बदलताना एकच आधारबिंदू जागेवर राहतो व बाकी सारे बिंदू त्याच्यापासून दूर किंवा जवळ जातात. आधी सरकवून मग भलत्या बिंदूभोवती प्रमाण बदलले, तर सरकवण्याचे सगळे श्रम वाया जातात. गुणक म्हणून ०.०३९४ असा गोलाकार आकडा देऊ नये. प्रोग्रॅम मान्य करत असेल तर १/२५.४ असेच लिहावे.

तिसरी पायरी: आधारबिंदू आणि दिशा निवडणे

सर्वाधिक विचार या पायरीला द्यावा, कारण पुढची सगळी अचूकता इथल्या निवडीवर टिकून असते.

आधारबिंदू म्हणून बाहेरचा डावा-खालचा कोपरा घेण्याची सवय अनेकांना असते. परंतु त्या कोपऱ्याला गोलाई असेल, तर खरा कोपरा अस्तित्वातच नसतो, आणि स्नॅप (माउसला जवळच्या बिंदूवर नेणारी सोय) गोलाईच्या एखाद्या टोकाला धरतो. त्याऐवजी हा भाग जोडणीत कशाच्या आधारे बसतो, हा प्रश्न विचारावा. मोटर बसवण्याची पट्टी असेल तर मधल्या मोठ्या छिद्राचे केंद्र हाच तिचा खरा आधार असतो. पिनांवर बसणारी पट्टी असेल तर पिनांची दोन छिद्रे. वर्तुळाचे केंद्र हा आयात भूमितीतील सर्वांत विश्वासार्ह बिंदू आहे, कारण तो फाइलमध्ये थेट आकड्यांच्या रूपात लिहिलेला असतो, तर रेषांची टोके कापाकापीत किंचित सरकलेली असू शकतात. अर्थात, छिद्र खरोखरच वर्तुळ म्हणून आले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. काही प्रोग्रॅम निर्यात करताना वर्तुळाचे लहान लहान सरळ तुकडे करतात आणि मग धरायला केंद्रच उरत नाही. तसे आढळले तर समोरासमोरच्या दोन टोकांना जोडणारी साहाय्यक रेषा काढून तिचा मध्यबिंदू घ्यावा, किंवा एकमेकांपासून दूरच्या तीन टोकांमधून जाणारे नवे वर्तुळ काढावे.

दुसरा बिंदू पहिल्यापासून जितका दूर तितका चांगला. दहा मिलिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंवरून दिशा ठरवली आणि त्यांतला एक ०.०१ मिलिमीटरने चुकीचा असला, तर पाचशे मिलिमीटर लांब भागाच्या दुसऱ्या टोकाला हीच चूक अर्धा मिलिमीटर होते. लांब सरळ कड किंवा एकमेकांपासून सर्वांत दूरची दोन छिद्रे ही दिशेसाठी योग्य निवड ठरते.

आता एक उदाहरण घेऊ. पट्टीवरच्या पहिल्या छिद्राचे केंद्र (१४८२.६, ९०३.२) येथे आणि दुसऱ्याचे (१५७८.६, ९३१.२) येथे आले आहे. दोन्हींतील आडवा फरक ९६, उभा फरक २८. ९६ आणि २८ यांच्या वर्गांची बेरीज १०,००० येते, म्हणून अंतर नेमके १०० मिलिमीटर. छिद्रांमधले खरे अंतरही १०० मिलिमीटरच असेल, तर एकक बरोबर असल्याची पुष्टी मिळते. दिशेचा कोन २८ भागिले ९६ याच्या व्यस्त टॅनजंटवरून १६.२६०२ अंश येतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले तीन आकडे असे: आडवे उणे १४८२.६, उभे उणे ९०३.२ आणि फिरणे उणे १६.२६०२ अंश. हे तिन्ही लागू झाल्यावर पहिले केंद्र (०, ०) येथे आणि दुसरे (१००, ०) येथे यायला हवे. हे उत्तर आधीच लिहून ठेवावे, म्हणजे पडताळणीच्या वेळी अंदाज करावा लागत नाही.

चौथी पायरी: सरकवणे आणि फिरवणे

आधी सरकवावे, मग फिरवावे. हा क्रम उलटला तरी गणित जमवता येते, पण मग फिरवण्याच्या केंद्रामुळे सरकवण्याचे आकडे बदलतात आणि नवे निर्देशांक काढावे लागतात. पहिला बिंदू ओरिजिनवर आणून त्याच ओरिजिनभोवती फिरवले, तर पहिला बिंदू हलत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी स्वयंचलित कन्स्ट्रेंट (रेषांवर प्रोग्रॅम आपोआप लावतो ती बंधने) बंद करावेत. हे चालू राहिले, तर जवळजवळ आडव्या असलेल्या रेषेला प्रोग्रॅम आडवी ठरवून टाकतो आणि आकृतीचा मूळ कोन नकळत बदलतो. अर्ध्या अंशाचा उतार मुद्दाम दिलेला असेल, तर तो असाच हरवतो.

मूळ फाइल ऑटोकॅडमध्ये उघडता येत असेल, तर सर्वांत थेट मार्ग अलाइन आज्ञेचा आहे. सर्व घटक निवडावेत, पहिला मूळ बिंदू म्हणून पहिल्या छिद्राचे केंद्र आणि त्याचे ठिकाण म्हणून ओरिजिन द्यावे. दुसरा मूळ बिंदू म्हणून दुसऱ्या छिद्राचे केंद्र आणि त्याचे ठिकाण म्हणून एक्स अक्षावरचा एखादा बिंदू द्यावा. तिसऱ्या बिंदूच्या जागी एंटर करावे. त्यानंतर प्रमाण बदलायचे का असा प्रश्न येतो, त्याला नाही असेच उत्तर द्यावे. पहिला बिंदू ठरलेल्या जागी तंतोतंत येतो आणि दुसरा फक्त दिशा ठरवतो. म्हणजे वर सांगितलेली तीन स्वातंत्र्ये एकाच आज्ञेत बंद होतात.

ऑटोकॅडमध्येच मूव्ह वापरत असाल तर एक बारकावा जपावा लागतो. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे लिहिण्याची सोय) चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी ०,० लिहिले, तर प्रोग्रॅम ते पहिल्या बिंदूपासूनचे अंतर समजतो आणि आकृती जागची हलत नाही. त्या आकड्यांपूर्वी हॅशचे चिन्ह लिहिले म्हणजे ते खरे ओरिजिन मानले जाते. तसेच रेखाटनात कोणीतरी स्वतःची निर्देशांक पद्धत लावून ठेवली असेल, तर तुम्ही आणलेले शून्य-शून्य हे त्या पद्धतीचे असते, रेखाटनाच्या मूळ (वर्ल्ड) पद्धतीचे नसते. म्हणून सुरुवातीलाच यूसीएस आज्ञेने वर्ल्ड निवडून घ्यावे.

कोन हाताने लिहिण्यापेक्षा रोटेट आज्ञेतील रेफरन्स पर्याय वापरणे नेहमीच श्रेयस्कर आहे. तेथे दोन्ही केंद्रे निवडून नवा कोन शून्य दिला, की प्रोग्रॅम स्वतःच्या पूर्ण अचूकतेने कोन काढतो. वरच्या उदाहरणात १६.२६०२ ऐवजी १६.३ असे लिहिले असते, तर शंभर मिलिमीटरवर सुमारे ०.०७ मिलिमीटरची आणि एक मीटरवर सुमारे ०.७ मिलिमीटरची चूक झाली असती. लेझर कटिंगच्या भागात छिद्रे न जुळण्यासाठी एवढा फरक पुरतो.

मूळ फाइल उघडण्याची सोय नसेल तर हे काम स्केचमध्येच करावे लागते. सॉलिडवर्क्समध्ये स्केच टूल्समधील मॉडिफाय हे साधन यासाठी आहे. त्यात निवडलेला बिंदू थेट दिलेल्या निर्देशांकांवर नेण्याचा पर्याय आहे, शिवाय प्रमाण आणि कोनही तेथेच देता येतात. मात्र स्केचची बाहेरच्या कडांशी नाती जोडलेली असतील तर हे साधन अडते, म्हणून ते नाती जोडण्यापूर्वीच वापरावे. फ्यूजनमध्ये स्केच संपादनात असताना मूव्हमधील बिंदूपासून बिंदूकडे हा प्रकार निवडावा, पहिल्या छिद्राचे केंद्र आणि मग ओरिजिन दाखवावे. फिरवताना केंद्रबिंदू ओरिजिनवर ठेवायला विसरू नये. आणलेली भूमिती हलायलाच तयार नसेल, तर ती जागीच खिळवलेल्या स्थितीत आयात झालेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी सर्व घटक निवडून त्यांचे फिक्स काढावे, काम संपल्यावर हवे तर पुन्हा लावावे. इन्व्हेंटरमध्ये मूव्ह करताना कन्स्ट्रेंट सैल करण्याविषयी विचारणा होते. ताज्या आयातीत काढण्यासारखे फारसे काही नसते, पण जुन्या स्केचमध्ये ही परवानगी विचार करूनच द्यावी.

भूमिती हलवावी की स्केच हलवावे

कित्येकदा स्केचमधील भूमितीला हात न लावता स्केचचे प्रतल किंवा त्याची मांडणीच बदलणे योग्य ठरते. फ्रीकॅडमध्ये हा मार्ग फार सोयीचा आहे. डीएक्सएफ आयात झाल्यावर ड्राफ्ट या विभागात आलेल्या घटकांचे स्केचमध्ये रूपांतर करावे, आणि ते स्केच एखाद्या प्रतलाशी जोडलेले असेल तर अटॅचमेंट ऑफसेटमध्ये एक्स, वाय आणि कोन यांचे आकडे भरावेत. जोडलेल्या स्केचच्या प्लेसमेंटमध्ये आकडे भरून उपयोग होत नाही, कारण जोडणी ते पुन्हा ठरवते.

या दोहोंतून निवड कशी करावी? स्केचमधील आकडे स्वतःच अर्थपूर्ण असावेत, सममिती ओरिजिनभोवती जुळावी आणि मापे अक्षांपासून घेता यावीत, अशी अपेक्षा असेल तर भूमिती हलवावी. भागाचा मुख्य आकार ज्या स्केचवरून तयार होणार आहे त्याच्यासाठी मी नेहमी हाच मार्ग सुचवेन. एकच आकार अनेक जागी लागणार असेल, किंवा स्केच दुसऱ्या फाइलमधून वारंवार ताजे होणार असेल, तर भूमिती आहे तशी ठेवून स्केचची मांडणी बदलावी.

भागाच्या एखाद्या पृष्ठावर स्केच उघडले असेल तर आणखी एक दक्षता हवी. अशा स्केचचे ओरिजिन पृष्ठाच्या कोपऱ्यात किंवा मध्यावर असते असे गृहीत धरले जाते. सॉलिडवर्क्समध्ये मात्र ते भागाच्या मूळ ओरिजिनचे त्या पृष्ठावर पडलेले प्रक्षेपण असते. शिवाय स्केचचा एक्स अक्ष पडद्यावर आडवा दिसेलच असे नाही. म्हणून आकडे देण्यापूर्वी स्केचच्या ओरिजिनवरील दोन्ही बाणांच्या दिशा पाहून घ्याव्यात.

पाचवी पायरी: पडताळणी

जागा बदलताना आकृतीचा आकार बदलता कामा नये, आणि हे तपासण्याचा उत्तम उपाय म्हणजे परिमिती व क्षेत्रफळ. सरकवल्याने किंवा फिरवल्याने ही दोन्ही मापे बदलत नाहीत. आयातीनंतर लगेच एकदा आणि जागेवर बसवल्यावर पुन्हा एकदा ती मोजावीत. आकडे सर्व दशांश स्थळांपर्यंत जुळले नाहीत, तर मधल्या कामात एखादी रेषा ओढली गेली आहे किंवा स्वयंचलित कन्स्ट्रेंटने ती वाकवली आहे. ऑटोकॅडमध्ये एरिया आज्ञेने हे दोन्ही आकडे मिळतात, तर सॉलिडवर्क्समध्ये सेक्शन प्रॉपर्टीजने क्षेत्रफळ मिळते.

आरसा-प्रतिमा झाली असेल तर क्षेत्रफळही जसेच्या तसे राहते, म्हणून त्यासाठी वेगळी तपासणी लागते: एखादा असममित तपशील, जसे एकाच कोपऱ्यातली खाच, मूळ रेखाटनाशी ताडून पाहावा. त्यानंतर लिहून ठेवलेल्या अपेक्षित उत्तराप्रमाणे पहिले केंद्र (०, ०) आणि दुसरे (१००, ०) आहे का, हे मोजण्याच्या साधनाने पाहावे, आणि त्या दोन्हींपासून दूर असलेला तिसरा एखादा बिंदूही तपासावा. दुसऱ्या केंद्राचा वाय ०.०००००३ असा दिसला तर काळजीचे कारण नाही, ०.०३ दिसला तर दिशा ठरवण्याची पायरी पुन्हा करावी.

फार मोठे निर्देशांक असलेल्या फाइलींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. भूमापनातून आलेल्या रेखाटनात उत्तरेचे निर्देशांक मीटरमध्येच सात आकडी असतात. ते मिलिमीटरमध्ये नेले की दहा आकडी होतात. कॅड प्रोग्रॅम गणना दुहेरी अचूकतेने करतो, तिच्यात सुमारे पंधरा सार्थ अंक मिळतात. पण पडद्यावरचे चित्रण बहुधा एकेरी अचूकतेने होते, आणि दोन अब्जांच्या आसपास तेथे शेजारच्या दोन संख्यांमधील अंतरच १२८ असते. त्यामुळे रेषा थरथरताना दिसतात, वर्तुळे वेडीवाकडी होतात आणि स्नॅप भलतीकडे बसतो. पॅरासॉलिड या भूमितीची गणिते करणाऱ्या गाभ्यावर चालणाऱ्या सॉलिडवर्क्स आणि ऑनशेपसारख्या प्रोग्रॅमना तर ओरिजिनपासून प्रत्येक दिशेला ५०० मीटरचीच मर्यादा आहे. म्हणून अशी फाइल स्केचमध्ये आणण्यापूर्वीच द्विमितीय प्रोग्रॅममध्ये ओरिजिनजवळ आणावी, आणि वजा केलेले दोन्ही आकडे जपून ठेवावेत, कारण परत खऱ्या जागी नेताना तेच लागतात.

सहावी पायरी: टोके जोडणे आणि आकृती बांधणे

आता जागा निश्चित झाली आहे, पण रेषा अजून सुट्याच आहेत. प्रथम टोके जुळवावीत. सॉलिडवर्क्समध्ये आयातीच्याच वेळी ठरावीक अंतरापेक्षा जवळचे बिंदू एकत्र करण्याचा पर्याय असतो, इन्व्हेंटरमध्ये टोकांना कन्स्ट्रेंट लावण्याचा. फ्रीकॅडमध्ये स्केच व्हॅलिडेट करण्याच्या साधनात न जुळलेली टोके शोधता येतात. या सर्वांत सहनशीलतेचा आकडा विचारपूर्वक द्यावा. ०.००१ मिलिमीटरपासून सुरुवात करावी आणि गरजेनुसार वाढवावा. आकृतीतील सर्वांत लहान रेषेच्या लांबीजवळ तो गेला, तर ती रेषाच नाहीशी होते.

त्यानंतर जागा बांधायची. सर्व रेषांना मापे देत बसण्याची येथे गरज नाही आणि शेकडो रेषांच्या स्केचमध्ये ते शहाणपणाचेही नाही, कारण प्रत्येक कन्स्ट्रेंटबरोबर गणनेचा भार वाढतो आणि स्केच मंदावते. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्ये सगळी भूमिती निवडून तिचा स्केच ब्लॉक करावा. ब्लॉक एका ताठ आकृतीसारखा वागतो, म्हणून त्याला दोनच बंधने पुरतात: पहिल्या छिद्राचे केंद्र ओरिजिनशी एकरूप करणे, ज्याने दोन्ही सरकणी थांबतात, आणि दुसरे केंद्र ओरिजिनशी आडव्या रेषेत ठेवणे, ज्याने फिरणे थांबते. पुढे जागा बदलावी लागली तर याच दोन नात्यांच्या जागी मापे देता येतात आणि सगळी आकृती एकसंध हलते. ब्लॉकची सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये सर्व घटक फिक्स करून ठेवणे हा व्यवहार्य पर्याय आहे, फक्त पुढे मापे बदलायची असतील तेवढ्या रेषा मोकळ्या सोडून त्यांना रीतसर कन्स्ट्रेंट द्यावेत.

आकृती साधी असेल, म्हणजे वीस-पंचवीस रेषा आणि काही छिद्रे, तर मी वेगळाच सल्ला देईन: आयात केलेले स्केच जागेवर बसवून केवळ संदर्भ म्हणून ठेवावे आणि त्यावरून नवे स्केच पूर्ण मापांसह काढावे. यात थोडा वेळ जातो, पण हाती येणारे स्केच खऱ्या अर्थाने बदलता येणारे असते.

फीचर तयार झाल्यानंतर जागा बदलायची असेल तर

स्केचवरून एक्स्ट्रूड (आकृतीला जाडी देणे), फिलेट (कडेची गोलाई), छिद्रे अशी सर्व फीचर तयार झाल्यावर जागा चुकल्याचे लक्षात आले, तर ते स्केच पुसून नव्याने आयात करू नये. पुढची फीचर त्या स्केचमधील रेषांना त्यांच्या अंतर्गत ओळखीवरून धरून असतात. नव्या रेषा अगदी त्याच जागी आल्या तरी त्यांची ओळख वेगळी असते आणि पुढची सगळी साखळी तुटते. त्याऐवजी फीचरची यादी त्या स्केचपर्यंत मागे न्यावी, आहे तीच भूमिती वरच्या पद्धतीने हलवावी आणि मग एक-एक फीचर पुढे घेत तपासावे. ज्या फीचरने भागाच्या ओरिजिनपासून किंवा मुख्य प्रतलांपासून मापे घेतली आहेत, ती भूमितीबरोबर हलणार नाहीत. तेथे मापे हाताने सुधारावी लागतात. याउलट, पूर्ण भागच सरकवून काम भागत असेल, तर असेंब्लीतील जोडणी बदलणे कमी जोखमीचे असते.

सुधारित रेखाटन पुन्हा आले तर

बाहेरून आलेली रेखाटने एकदाच येत नाहीत. दोन आठवड्यांनी सुधारित आवृत्ती येते आणि ती बहुधा त्याच जुन्या, दूरच्या जागी असते. म्हणून पहिल्या वेळी वापरलेले तिन्ही आकडे, एकक आणि निवडलेली दोन छिद्रे यांची नोंद भागाच्या फाइलमध्येच, एखाद्या टिपेत किंवा कस्टम प्रॉपर्टीत ठेवावी. नव्या फाइलवर तेच आकडे लावून पाहावेत. पहिले केंद्र (०, ०) वर आणि दुसरे (१००, ०) वर आले, तर दोन्ही आवृत्त्या एकमेकींवर ठेवून बदललेल्या रेषा लगेच दिसतात, आणि तेवढ्याच रेषा जुन्या स्केचमध्ये सुधारता येतात. केंद्रे तेथे आली नाहीत, तर शीटवरची मांडणी बदलली आहे किंवा ती छिद्रेच हलली आहेत. यांतले नेमके काय झाले हे दोन्ही केंद्रांमधील अंतर सांगते: ते अजूनही १०० असेल तर बहुधा फक्त मांडणी बदललेली असते आणि तिसऱ्या पायरीपासून नवे आकडे काढून पुढे जाता येते, अंतर बदलले असेल तर स्केचला हात लावण्यापूर्वी रेखाटन पाठवणाऱ्याला विचारावे. तुम्हीच फाइल पाठवणारे असाल, तर निर्यातीपूर्वी आधारबिंदू शून्य-शून्यवर ठेवावा आणि एकक शीर्षभागात नोंदवावे, म्हणजे समोरच्या व्यक्तीला यातली बहुतेक कामे करावीच लागत नाहीत.